मसाज थेरपिस्टची परीक्षा टेबलाशीच व्हायला हवी

मसाज थेरपिस्ट व्हायला किती शिकावे लागते, याचे जगात एक उत्तर नाही. जपानमध्ये तीन वर्षे लागतात. तिथे १९४७ पासून या व्यवसायाचा कायदा आहे आणि राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय अनमा (पारंपरिक जपानी मालीश), मसाज किंवा शिआत्सु (बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत) पैसे घेऊन करता येत नाही. जर्मनीत दोन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष काम. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो: पुष्कळ राज्यांत ५०० तास किंवा त्याहून थोडे अधिक, न्यूयॉर्कमध्ये १०००. ब्रिटनमध्ये देशपातळीवर सक्तीच नाही, नोंदणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आणि याच जगात शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून, नाहीतर घरबसल्या व्हिडिओ पाहून, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्रही मिळते.

या तफावतीवर बोलणे होते ते बहुतेक तासांच्या हिशेबात. एक बाजू म्हणते तास वाढवा, दुसरी म्हणते गरीब मुलामुलींच्या पोटावर पाय देऊ नका. माझे म्हणणे असे की परवाना हवाच, पण तो वर्गातल्या हजेरीवर देऊ नये. उमेदवाराने खऱ्या माणसाच्या अंगावर, परीक्षकासमोर काम करून दाखवावे, आणि त्या परीक्षेत सर्वांत जास्त वजन असावे ते हात कुठे आणि केव्हा लावायचा नाही हे ओळखण्याला.

दोन दिवसांत काही शिकवता येत नाही असे नाही. हातांच्या मूळ हालचाली शिकवता येतात. तळहात सरकवत लांब फिरवणे, स्नायू पकडीत घेऊन मळणे, बोटाच्या टोकाने एका जागी खोल घर्षण करणे, थोपटणे आणि कंपन देणे. ही मांडणी एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेझगर यांच्या नावाशी जोडली जाते आणि आजही बहुतेक वर्गांची सुरुवात तिथूनच होते. हातापायांवर जोर हृदयाच्या दिशेने द्यायचा आणि परतताना हात हलका ठेवायचा; पालथे झोपवले की घोट्यांखाली उशी, उताणे झोपवले की गुडघ्यांखाली; सगळ्या अंगाला साधारण १५ ते ३० मिलिलिटर तेल पुरते. चुणचुणीत विद्यार्थ्याला एवढे दोन दिवसांत जमते, आणि निरोगी तरुण माणसाला त्याचा मसाज आवडतोही. धोका नेमका इथेच आहे. काम आल्यासारखे वाटते. पुढच्या आठवड्यात टेबलावर येणारा माणूस मात्र निरोगी आणि तरुण असेलच असे नाही.

पोटरीचे घ्या. पाय भरून आलेत, पोटरी जरा दाबून द्या, ही अगदी रोजची तक्रार. बहुतेक वेळा तो थकवाच असतो. पण एकाच पायाला सूज आहे, ती पोटरी दुसरीपेक्षा गरम लागते, कातडी लालसर दिसते, दाबले की आत खोल दुखते, आणि चौकशी केल्यावर कळते की माणूस लांबच्या प्रवासातून आला आहे, किंवा काही आठवड्यांपूर्वी गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, किंवा बाई नुकतीच बाळंत झाली आहे, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. अशा वेळी पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती जागची सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस दगावतो. थेरपिस्टने अशा वेळी करायचे ते साधे, पण निश्चित आहे. त्या पायाला हात लावायचा नाही. ‘तोवर पाठ करून घेऊ’ असेही म्हणायचे नाही. सत्र तिथेच थांबवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगायचे, उद्यावर टाकायचे नाही.

डॉक्टर अशा वेळी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली मोजल्यावर दोन पायांत ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फरक आला तर तो गुठळीच्या बाजूचा एक मुद्दा धरतात. थेरपिस्टने निदान करायचे नाही, पण मोजपट्टी वापरता येणे आणि आकडा चिठ्ठीवर लिहून देणे यात काही अवघड नाही. कित्येक वर्गांत जुन्या टिपणांवरून पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का ते पाहण्याची एक चाचणी अजून शिकवली जाते. ती भरवशाची नाही. दुखले नाही म्हणून गुठळी नाही असे समजणे चूक आहे. ही चाचणी अभ्यासक्रमातून काढून टाकायला हवी.

पोटरीसारखीच दुसरी जागा मानेची. मानेच्या पुढच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, डोक्याला रक्त नेणारी मोठी धमनी कातडीच्या जवळून जाते. तिथे दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणसाला भोवळ येऊ शकते. धमनीत चरबीचा थर साचलेला असेल तर त्याचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो. मानेला जोरात रगडल्यावर किंवा झटका दिल्यावर धमनीचे आतले अस्तर फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मान ‘मोडून’ आवाज काढणे हे मसाज थेरपिस्टचे कामच नव्हे. काखेत, दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खळग्यात, जांघेत, गुडघ्यामागच्या खळग्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू स्नायूंच्या जाड थराखाली झाकलेले नसतात. पाठीवर शेवटच्या बरगडीच्या आसपास मूत्रपिंडे असतात. तिथे थोपटण्याचे प्रकार करायचे नाहीत. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर दाब द्यायचा नाही. या जागा पाठ करून उपयोग नाही, त्या बोटांना ठाऊक व्हायला हव्यात. टेबलावरच्या माणसाला ‘मुंग्या आल्या’, ‘करंट गेल्यासारखा वाटला’, ‘बोटाखाली काहीतरी उडतंय’ असे वाटले की हात आपोआप उचलला गेला पाहिजे. ती सवय कुणीतरी शेजारी उभे राहून वारंवार टोकल्याशिवाय लागत नाही.

आता विचारपूस. ‘तुम्हाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला लोक ‘नाही’ म्हणतात. वर्षानुवर्षे रक्तदाबाची गोळी घेणारा माणूसही म्हणतो, कारण गोळी चालू आहे म्हणजे आजार आटोक्यात आहे आणि आटोक्यात आहे म्हणजे नाहीच, असे त्याच्या मनात असते. प्रश्न असा विचारायला हवा: रोज कोणत्या गोळ्या घेता? रक्त पातळ करणारी एखादी आहे का? गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन, फ्रॅक्चर, दवाखान्यात दाखल होणे झाले का? कुठे बधिरपणा आहे का? आज ताप आहे का? बायकांना, दिवस गेले आहेत का? प्रत्येक उत्तराने हाताखालचे काम बदलते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल दाब नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंगभर काळेनिळे डाग. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली असेल तर ‘दाब बरा आहे ना?’ या प्रश्नाला तिथे अर्थच उरत नाही. माणसाला कळतच नाही. इन्सुलिन नुकतेच टोचले असेल ती जागा चोळायची नाही, औषध लवकर शोषले जाते. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्यांवर तरुणासारखे वजन टाकले तर हाड मोडू शकते. दिवस भरत आलेल्या बाईला सपाट उताणे निजवायचे नाही. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि तिला चक्कर येते, जीव घाबरतो. तिला कुशीवर, शक्यतो डाव्या, निजवायचे आणि गुडघ्यांमध्ये उशी द्यायची.

कर्करोगाच्या बाबतीत तर शिकवणेच बदलले आहे, आणि कित्येक वर्गांना त्याचा पत्ता नाही. पूर्वी सरसकट ‘मसाज नको’ असे सांगत, मसाजमुळे रोग पसरेल या भीतीने. आज तसे मानत नाहीत. हलक्या हाताने, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून काम करता येते आणि त्याने झोप, चिंता, मळमळ यांत रुग्णाला आराम पडू शकतो. पण गाठीच्या जागेवर दाब नाही. औषध देण्यासाठी छातीत बसवलेल्या पोर्टजवळ हात नाही. प्लेटलेट उतरल्या असतील तर फक्त अलगद स्पर्श. रोग हाडात उतरला असेल तर वजन टाकायचे नाही. काखेतल्या लसीका ग्रंथी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज धरण्याचा धोका कायमचा असतो, म्हणून तो हात रगडायचा नाही. हे ज्याला शिकवलेले नाही तो एकतर घाबरून रुग्णाला परत पाठवतो, नाहीतर बेफिकिरीने इजा करतो.

पाठदुखीचेही तसेच. थकलेली, आखडलेली पाठ हे थेरपिस्टचे हक्काचे काम. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी ज्या गोष्टी करून पाहा म्हटले त्यांत शेक आणि मसाज आहेत, जरी मसाजमागचा पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच नोंदवले. पण कंबर दुखते आणि त्याबरोबर दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागात, बैठकीच्या जागी बधिर वाटते, लघवी अडते किंवा कळत नाही, पायात जोर राहिला नाही, असे कुणी म्हणाले तर ती तातडीने ऑपरेशनपर्यंत जाऊ शकणारी स्थिती आहे. रात्री झोपेतून उठवणारी, कुशी बदलूनही न थांबणारी पाठदुखी आणि कारण नसताना उतरलेले वजन, हाही डॉक्टरांचाच विषय.

जोराचा प्रश्न यात वेगळा आहे, कारण तिथे ग्राहकच चुकीचा आग्रह धरतो. दुखले म्हणजे गुण आला, ही समजूत फार घट्ट आहे. थेरपिस्ट नवा असला की तो ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून जोर लावत राहतो. खोल काम करायचे तर आधी वरचे थर पाच-सात मिनिटे सैल करावे लागतात, मग हळूहळू वजन टाकायचे, स्नायू विरोध करू लागला की तिथेच थांबून श्वास सुटेपर्यंत वाट पाहायची. दहाच्या मापावर दुखणे सहा-सातच्या वर गेले की माणूस अंग आखडतो, श्वास रोखतो, मुठी वळतो. तिथून पुढचा सगळा जोर स्नायू सैल करण्याऐवजी त्याच्याशी झगडण्यात जातो. अती रगडण्याने स्नायूंचे तंतू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरल्याच्या आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग चहासारखा गडद झाला तर थेट दवाखाना गाठायचा, हे ग्राहकाला सांगता येईल इतके ज्ञान थेरपिस्टकडे असायलाच हवे.

प्रशिक्षण संस्थांबद्दल माझा मोठा राग आहे तो चुकीचे विज्ञान शिकवण्याचा. मसाजने शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात, म्हणून नंतर भरपूर पाणी प्या, हे वाक्य जगभरच्या वर्गांत आजही घोकून घेतात. कोणते विषद्रव्य, कुठून, किती, याचे उत्तर कुणाकडे नसते. शरीरातला कचरा यकृत आणि मूत्रपिंडे काढतात. व्यायामानंतर स्नायूंत साठलेले लॅक्टिक ॲसिड मसाजने निघते, हे दुसरे. ते साधारण तासाभरात आपोआप पूर्वपदावर येते. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा त्याच्याशी संबंध नाही. हे निरुपद्रवी अज्ञान आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. आपण विष काढतो अशी ज्याची पक्की समजूत आहे तो तापलेल्या माणसाला ‘घाम काढून देतो’ म्हणतो, सुजलेला पाय ‘पाणी उतरवतो’ म्हणून रगडतो. मसाजने दुखणे काही काळ कमी होते, चिंता कमी होते, झोप बरी लागते, हालचाल काही वेळ मोकळी होते. एवढे खरे सांगूनही हा व्यवसाय मानाने चालतो.

थेरपिस्टच्या स्वतःच्या शरीराबद्दल तर छोट्या अभ्यासक्रमांत जवळजवळ काहीच नसते, आणि नवशिका लवकर व्यवसाय सोडतो त्याचे हे एक मोठे कारण. अंगठा पाहा. नवशिका सगळा दाब अंगठ्याच्या टोकाने देतो. टोकाचा सांधा मागे झुकतो, आणि भार जातो अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या छोट्या खोगिरासारख्या सांध्यावर. तो सांधा पकडण्यासाठी घडलेला आहे, दिवसभर वजन पेलण्यासाठी नाही. आधी संध्याकाळी दुखतो, मग बरणीचे झाकण उघडताना दुखतो, मग अंगठ्याच्या बाजूचे स्नायुबंध सुजतात. उपाय ठरलेले आहेत: अंगठा सरळ रेषेत, त्याला दुसऱ्या हाताचा आधार, लांब पट्ट्यावर काम करायचे तर अंगठा सोडून कोपर ते मनगट हा हाताचा सपाट भाग, खोल बिंदूवर कोपर, तेही सावकाश. टेबलाशेजारी ताठ उभे राहून हात सोडले की मिटलेल्या मुठीच्या उंचवट्यांना टेबलाचा वरचा भाग लागावा, ही उंचीची साधारण खूण. खोल कामासाठी त्याहून थोडे खाली, आणि टेबलावरचा माणूस जाड असेल तर आणखी खाली. एक पाय पुढे, एक मागे, गुडघा किंचित वाकलेला, आणि जोर खांद्यातून नव्हे, मागच्या टाचेतून वजन पुढे सरकवून. मनगट सरळ. कंबरेतून वाकायचे नाही. हे शब्दांत पाच मिनिटांत सांगून होते. अंगात मुरायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि त्या काळात मागे उभा राहून खांदा खाली दाबणारा शिक्षक लागतो. व्हिडिओ खांदा दाबत नाही.

इथे मालकांचाही प्रश्न येतो. एक तासाची पाच, फार तर सहा सत्रे, मध्ये १५ मिनिटांची मोकळीक, एवढ्यावर हात वर्षानुवर्षे टिकतात. दिवसाला आठ-नऊ सत्रे लावणारी केंद्रे माणसे वापरून टाकतात आणि आठवड्याच्या ‘अंतर्गत प्रशिक्षणा’तून नवी भरती करतात. परवान्याची सक्ती झाली तर ही फेर-भरती महाग होईल. म्हणूनच सक्तीला सर्वांत मोठा विरोध गरीब थेरपिस्टच्या नावाने, पण पुष्कळदा मालकांच्या सोयीसाठी होतो. परवान्याच्या नियमांतच दिवसाच्या सत्रांची कमाल मर्यादा लिहावी असे मला वाटते. थेरपिस्टने ‘आता बस’ म्हणावे आणि त्याची नोकरी जाऊ नये.

स्पर्शाची शिस्त हा या शिक्षणाचा गाभा आहे आणि तो फारच घाईत उरकला जातो. चादर कशी धरायची, ग्राहक कुशीवर वळताना ती कशी उंच तंबूसारखी धरून आपण नजर फिरवायची, एका वेळी ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच कसा उघडायचा आणि कडेने चादर कशी खोचायची, याचा सराव घड्याळ लावून करून घ्यायला हवा. संमती एकदा अर्जावर सही घेऊन संपत नाही. पोट, नितंब, छातीच्या कडेचे स्नायू यांवर जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी तोंडी विचारायचे, आणि का करणार हेही सांगायचे. उलट बाजूही तितकीच शिकवावी लागते. ग्राहकाने वावगे बोलल्यास किंवा वागल्यास एकदा स्पष्ट शब्दांत थांबवायचे, तरी चालू राहिले तर सत्र संपवून खोलीबाहेर पडायचे आणि लगेच लेखी नोंद करायची. हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव केलेला नसेल तर प्रत्यक्ष प्रसंगी तोंडातून निघत नाही.

हा व्यवसाय एकदा नेमका याच दलदलीतून वर आलेला आहे. १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनमधल्या मसाज केंद्रांवर लिहिले: मसाजच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो, आणि अपुऱ्या शिक्षणावर बायकांना या कामाला लावले जाते. त्याच वर्षी ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. परीक्षा ठेवली, सभासदांची यादी ठेवली आणि कडक नियम केले: डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच काम करायचे, आणि वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात नाही. १९२० मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली आणि पुढे तीच ब्रिटनमधल्या फिजिओथेरपीची मुख्य संस्था झाली. नियम आज जसेच्या तसे चालणार नाहीत, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी स्वतः परीक्षा लावून घेतली, मान नंतर आला.

मग परीक्षा कशी असावी? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवान्यासाठी चालणारी परीक्षा ११० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्नांची, संगणकावर होते. शरीररचना, निषिद्ध स्थिती (म्हणजे मसाज केव्हा करायचा नाही), नीती, सगळे त्यात आहे. पण तीत उमेदवाराचा हात कुणी पाहत नाही. पोहण्याची लेखी परीक्षा घेऊन जीवरक्षक नेमावा तसे हे झाले. माझ्या मते लेखी परीक्षा ठेवावी, पण ती फक्त दारापर्यंत नेणारी असावी.

खरी परीक्षा खोलीत. दोन परीक्षक, एक टेबलावर झोपेल, दुसरा बघेल. झोपलेल्यालाच दाबाचा समतोल कळतो, हात थरथरतो का कळते, अंगठ्याने कोचले की कळते. बघणाऱ्याला मनगट, कंबर, टेबलाची उंची, चादर दिसते. त्याआधी दहा मिनिटांची विचारपूस: समोर बसवलेल्या माणसाला एक लपवलेली माहिती दिलेली असेल, जसे की रक्त पातळ करणारी गोळी, किंवा एका पायाची सूज, आणि ती योग्य प्रश्न विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. उमेदवाराने ती काढून घेतली नाही आणि थेट तेलाची बाटली उचलली तर परीक्षा तिथेच संपावी, पुढचे हात कितीही सुरेख असोत. मधेच परीक्षक म्हणेल, ‘अर्धं तोंड जड वाटतंय, नीट बोलता येत नाहीये.’ पक्षाघाताची ही खूण ऐकून उमेदवार काय करतो, कुणाला बोलावतो, वेळ नोंदवतो का, ते पाहायचे. शेवटी नोंद लिहायची, चार ओळी पुरतात: ग्राहक काय म्हणाला, मला काय आढळले, मी काय केले, पुढे काय करायचे. आणि एक तोंडी प्रश्न सर्वांना सारखा असावा: आज तू कोणती गोष्ट जाणूनबुजून केली नाहीस, आणि का?

स्वच्छता आणि साहित्य यांची तपासणीही तिथेच व्हावी. नखे तळहाताच्या बाजूने पाहिली तर दिसता कामा नयेत. साबणाने हात कोपरापर्यंत, किमान २० सेकंद. तेल उघड्या वाटीतून नव्हे, पंपाच्या बाटलीतून, म्हणजे एकाच्या अंगावरचे बोट पुन्हा सगळ्यांच्या तेलात बुडत नाही. बदाम किंवा शेंगदाण्याचे तेल वापरायचे तर ॲलर्जीची चौकशी आधी. सुगंधी अर्क थेट कातडीवर कधीच नाही. ३० मिलिलिटर तेलात ६ थेंब म्हणजे साधारण एक टक्का, आणि सुरुवातीला तेवढाच पुरेसा आहे. आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच शिकवत नाही: तेल मुरलेले टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये कडक तापवून ढीग करून ठेवले तर वनस्पती तेल हवेशी संयोग होऊन आतून तापते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. गरम पाणी आणि भरपूर साबण, पूर्ण थंड झाल्यावर घडी, तोवर ढीग नाही.

सक्तीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वडिलोपार्जित मालीश करणाऱ्यांचा आहे, आणि तो मी मान्य करतो. ज्यांनी घरच्या मोठ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले त्यांचे हात कित्येक पदविकाधारकांपेक्षा जाणते असतात. त्यांना पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवणे अन्यायाचे होईल आणि त्यात व्यवसायाचेच नुकसान आहे. म्हणूनच हजेरीवरचा परवाना मला नको. त्यांनी थेट परीक्षेला बसावे, तासांची अट न घालता, स्वतःच्या भाषेत, लिहिता येत नसेल तर सगळे तोंडी. ज्यांना गुठळ्या, औषधे, धोक्याच्या जागा यांची माहिती कमी पडते त्यांच्यासाठी ६० ते ८० तासांचा संध्याकाळचा वर्ग असावा. वाईट हाडजोडणी, ताप असताना मालीश अशा सवयी सोडायला लावाव्यात. त्यांच्या हातातले कसब मात्र नोंदवून ठेवावे आणि त्यांना शिक्षक म्हणून बोलवावे.

दृष्टिहीनांसाठी हा व्यवसाय कित्येक देशांत पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे. दक्षिण कोरियात मसाजचा परवाना दृष्टिहीनांसाठीच राखीव आहे आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्ये तो नियम उचलून धरला. त्यांच्यासाठी शरीररचना हाताळता येणाऱ्या प्रतिकृतींवर शिकवावी. त्वचेचा लालसरपणा डोळ्यांनी दिसत नसेल तर उष्णता, सूज, ताण हे बोटांनी कळते, आणि रंगाबद्दल ग्राहकाला विचारता येते. परीक्षेची रीत थोडी बदलावी, तिची धार कमी करू नये.

आणि तास? नव्याने येणाऱ्यासाठी ६०० च्या आसपास मला योग्य वाटतात. त्यातले २०० शरीररचना, रोग आणि औषधे यांना, साधारण तेवढेच तंत्र आणि स्वतःच्या शरीराच्या ठेवणीला, आणि उरलेले सगळे देखरेखीखालच्या खऱ्या कामाला. या शेवटच्या भागावरच संस्था सर्वांत जास्त काटछाट करतात, कारण तो महाग पडतो. विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात. सगळे विशी-पंचविशीतले, धडधाकट. सत्तरीची पातळ, कागदासारखी कातडी, ११० किलोचे शरीर ज्यात हाडाच्या खुणा बोटांना सहज लागत नाहीत, प्लॅस्टर काढल्यावर बारीक झालेली पोटरी, स्पर्शाला घाबरणारा माणूस, हे त्यांनी पदवी हातात येईपर्यंत कधी हाताळलेलेच नसते. म्हणून तासांची मोजणी करायचीच असेल तर निरनिराळ्या ५०-६० शरीरांची मोजणी करा, आणि प्रत्येक सत्राच्या नोंदीवर देखरेख करणाऱ्याची सही हवी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम सगळीकडे लादण्याच्या मी विरुद्ध आहे. त्याने कर्ज वाढते, आणि ज्यांना हे काम खरोखर पोट भरायला हवे आहे तीच माणसे बाहेर राहतात.

फी घेणारी संस्था आणि परीक्षा घेणारी संस्था कधीही एक नसावी. स्वतःच्याच विद्यार्थ्याला नापास करणारी संस्था पुढच्या वर्षी रिकामी पडते, हे तिला ठाऊक असते. परीक्षक दुसऱ्या गावचे, टेबलावर झोपणारा परीक्षक उमेदवाराला अनोळखी, आणि निकालासोबत कोणत्या कारणाने अडले याची लेखी ओळ, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बसणाऱ्याला कशावर मेहनत घ्यायची ते कळेल. आज काम करणाऱ्यांना तीन वर्षांची मुदत द्यावी. त्या काळात त्यांचा धंदा बंद पडता कामा नये. केंद्रात नोकरीला असलेल्यांच्या परीक्षेची फी आणि त्या दिवसाची मजुरी मालकाने भरावी. परवाना दर तीन वर्षांनी नवा करताना प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचा ताजा सराव, आणि तोवर बदललेल्या निषिद्ध स्थितींवर एक तोंडी फेरी, एवढेच मागावे. पुन्हा पूर्ण परीक्षा नको. लेखी तक्रार सिद्ध झाली तर मात्र परवाना थांबवण्याचा अधिकार त्याच परीक्षा मंडळाकडे असावा, आणि थांबवलेल्या परवान्यांची यादी कुणालाही पाहता यावी.